सदर बाजारातला खड्डा

गोंदिया, ६ एप्रिल २०२२

लाडक्या रीनाला आत्याचा जय भीम. इकडे सगळं खुशाल, एक माझे कान सोडून.

परवा तू व्हिडिओवर दिसलीस, ओठ हलले, हसलीस, आणि मी आपली "हो हो" करत बसले. नंतर शेजारची पोट्टी म्हणाली, "आजी, दीदी विचारत होती गुडघा जास्त दुखून राहिला का, अन् तुम्ही हसून हसून हो म्हणून राहिल्या होत्या." तेव्हापासून ठरवलं, पत्रच बरं. शिवाय तुझा मोबाईल तुझ्या सासरी सगळ्यांच्या हातात फिरतो, त्यावर मनातलं कसं लिहायचं? तू कामाला जातेस त्या पंडरी बाजारातल्या कापड दुकानाचा पत्ता दिलास ते चांगलं केलंस. कापडाच्या गठ्ठ्यांबरोबर माझंही पाकीट येत जाईल.

आता कामाचं. पाळीची गोळी मी लग्नाआधीच बंद करायला लावली, ती बंदच ठेव. ती कोलेस्टेरॉलची गोळी मात्र दुकानाच्या खणात ठेवून गुपचूप घेत जा, कारण तुझ्या बाबांचं काय झालं ते मला विसरता येत नाही. डॉक्टर मॅडम म्हणाल्या होत्या, पोरीला पीसीओडी आहे, रक्तात चरबी जास्त आहे, त्यात बापाचं हृदय असं गेलेलं, तेव्हा दरवर्षी तपासायचं. मॅडमना काय जातं म्हणायला! पोरगी उजवायची मला होती. तुझ्या सासूबाई मीराबाई बघायला आल्या तेव्हा त्यांनी सरळच विचारलं, "पोट्टीले काही तरास तं नाही ना?" मी म्हटलं, थंडीत सर्दी होते. होतेच की नाही तुला सर्दी?

तू तेव्हा माझ्याकडे कशी बघत होतीस ते मला दिसलं होतं. पण रीना, आई नसलेल्या पोरीचं लग्न जमवणं काय असतं ते तुला नाही कळायचं. झाकली मूठ सव्वा लाखाची. एकदा मूल झालं की या सगळ्या गोष्टी आपोआप मार्गी लागतात. यशदीपरावांना आशीर्वाद.

तुझी आत्या, वनमाला


रायपूर, २९ एप्रिल २०२२

आत्या, जय भीम.

गुडघ्याला तेल लाव आणि मला पत्रात खरं खरं सांग, व्हिडिओवर हो हो करू नकोस.

इथं मोठा घोटाळा झाला आहे. लग्न झाल्यापासून मला पाळी आलेली नाही. मला त्याचं काही वाटलं नाही, माझं तर असंच असतं. पण सासूबाईंच्या लक्षात आलं. त्यांनी एका सकाळी ताटाशेजारी चिंच ठेवली आणि माझ्या तोंडाकडे बघून हसल्या. मला वेळीच बोलता आलं नाही. पहिल्या दिवशी लाजेनं गप्प बसले, दुसऱ्या दिवसापासून भीतीनं. आता अख्ख्या पाऱ्याला, म्हणजे इथल्या मोहल्ल्याला, माहीत झालंय. विहारातल्या बायका येऊन गेल्या. यशदीप सिलतऱ्याच्या कारखान्यातून ड्युटी करून येतो, कॉलर काळी झालेली असते, आणि आल्या आल्या विचारतो, "तबीयत ठीक है ना तुम्हारी?" आधी कधी विचारायचा नाही.

रविवारी आई (सासूबाईंना मी आईच म्हणते) मला स्कुटीवर मागं बसवून सदर बाजारात घेऊन गेल्या. स्वतः चालवतात, जोरात. तिथं सराफाकडं बाळाचे चांदीचे वाळे बघत बसल्या. घेतले नाहीत, "अगुदर घ्यायचे नसतेत" म्हणाल्या, पण हातात घेऊन वाजवून बघितले. आत्या, मला तिथंच जमिनीत जावंसं वाटलं.

मी दुकानात तपासणीची पट्टी आणून बघितली. काही नाही. चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं झालंय, आईंनी नुसतं "रीना" म्हणून हाक मारली तरी छातीत धस्स होतं. मी यशदीपला सगळंच सांगून टाकू का? पीसीओडीचं, गोळीचं, सगळं? तू हो म्हणालीस तर आज रात्रीच सांगते.

रीना


गोंदिया, ४ मे २०२२

रीना,

सांगू नकोस. घाईनं लिहिते आहे, टपाल निघायचं आहे.

अर्धं सांगशील तर ते अख्खं विचारतील. आजार होता तर लपवला का, कोणी लपवला, बघायला आलो तेव्हा का नाही बोललात. लग्नाला तीन महिने झाले नाहीत. उद्या तुला माहेरी पाठवलं तर माहेर कुठलं, तर मी. बहिरी बाई आणि तिची पेन्शन.

त्यापेक्षा सोपं सांग. राहिलं नाही म्हण. दुकानात पोटात दुखलं आणि गेलं म्हण. पहिल्या वेळी कितीतरी जणींचं असं होतं, कोणी जास्त विचारत नाही. दोन दिवस वाईट वाटेल त्यांना, मग विसरतील. नसलेल्या बाळासाठी कोण किती रडणार? आणि वाचून झालं की हे फाडून टाक.

आत्या


रायपूर, १७ जून २०२२

आत्या,

तू सांगितलंस तसं केलं. आता कसं लिहू ते कळत नाही.

मला वाटलं आई रडतील आणि मला दोष देतील. मी त्याची तयारी केली होती. पण त्या ओट्याला पाठ लावून खाली बसल्या आणि म्हणाल्या, "म्याच केलं वो हे. म्याच तुले सदर बाजारात नेलं. तो गड्डा मले दिसलाच नाही. गाडी कशी आदळली होती, तुले आठवते ना?" मला तो खड्डा आठवतही नव्हता. मी म्हटलं, आई, त्याचा काही संबंध नाही. त्या म्हणाल्या, "तू चांगली आहेस म्हणून असं म्हणून राहिली."

तेव्हापासून त्यांनी स्कुटीला हात लावलेला नाही. पायी जातात. या उन्हात भाजीला पायी जातात.

आणि मला खायला घालतात. बाळंतिणीला घालावं तसं. रायपूरच्या जूनमध्ये डिंकाचे लाडू कोणी खातं का? पण त्यांनी वळले. वरून वाटीभर तूप. "आंग भरलं पाहिजे पोट्टीचं." मी नाही म्हणू शकत नाही. कोणत्या तोंडानं म्हणू? त्या समोर बसून मी खाते का ते बघतात, आणि मी एकेक लाडू शिक्षा भोगावी तसा खाते. मॅडमनी मला तूप आणि गोड कमी करायला सांगितलं होतं, ते मला आठवत असतं आणि घास खाली उतरत असतो.

पुढच्या आठवड्यात त्या मला बायकांच्या डॉक्टरकडे नेणार आहेत, पुढचं बाळ नीट राहावं म्हणून. आई बाहेर बसतील तेव्हा डॉक्टरांना खरं सांगेन. निदान एका माणसाला तरी.

दोन दिवसांत विसरतील म्हणाली होतीस.

रीना


रायपूर, १० फेब्रुवारी २०२५

आत्या,

दिवाळीत तू प्रांजलला बघून गेलीस, त्यानंतर लिहायला आज बसते आहे. पोरगी आता धावते. दूध सुटलं तिचं. आई तिला "नाही" म्हणत नाहीत आणि कडेवरून खाली ठेवत नाहीत.

एक विचारायचं आहे. इलाज सुरू झाला तेव्हा इथल्या डॉक्टरांनी ती कोलेस्टेरॉलची गोळी बंद केली होती, बाळ व्हायचं असताना चालत नाही म्हणून. दूध सुटलं की रक्त तपासून परत सुरू करा असं तेव्हाच सांगितलं होतं. आता दूध सुटून दोन महिने झाले. वजन खूप वाढलंय. दुकानाचा जिना चढले की मध्येच उभं राहावं लागतं. शेठजी गमतीनं म्हणतात, "बेटी, लिफ्ट लगवा दूँ क्या?"

इथं तपासायला गेले तर घरी विचारतील कशाची तपासणी. म्हणून म्हटलं, चार दिवस गोंदियाला येऊ का? आपल्या जुन्या मॅडमना दाखवते, रक्त देते आणि परत येते. यशदीपला सांगेन आत्याची आठवण आली, तेही खोटं नाही. तू मॅडमची वेळ घेऊन ठेवशील का?

रीना


गोंदिया, १८ फेब्रुवारी २०२५

लाडके रीना,

प्रांजलचा फोटो उशाशी ठेवला आहे. नाक आपल्या लहानूचं, तुझ्या बाबांचं आहे, कोणी काही म्हणो.

मी दवाखान्यात गेले होते. मोठी रांग होती. बसले थोडा वेळ, आणि बसल्या बसल्या विचार केला की मी इथं का बसले आहे? पाळी येत नव्हती, आता येते. मूल होणार नाही म्हणत होते, झालं. मग आजार राहिला कुठं? उठून घरी आले. तुझ्या बाबांचं म्हणशील तर तो तंबाखू खायचा, रात्रपाळ्या करायचा, रेल्वेच्या यार्डात उन्हातान्हात फिरायचा. तू काय करतेस, सावलीत बसून बिलं बनवतेस. बाळंतपणानंतर सगळ्याच बायकांना दम लागतो. मलाही जिना चढवत नाही, मी कुठं रडते?

आणि आत्ता इतक्या दिवसांनी रक्ततपासणीचा कागद घरात गेला, तर जुनं सगळं उकरून निघेल. तुझी सासू साधी आहे, पण खुळी नाही. चाललेल्या गाडीला कशाला थांबवतेस? उन्हाळ्यात पोरीला घेऊन ये, आंबे खा, राहा. दवाखान्यासाठी येऊ नकोस.

तुझी आत्या


रायपूर, १९ ऑगस्ट २०२५

वनमालाबाईंले मीराबाईचा जय भीम.

माह्यं लिवणं सातवीपर्यंतचं हाय, समजून घ्या. तुमी दवाखान्यात आल्या, एक दिवस बसून गेल्या. तुमाले आयकू येत नाही अन् तिथं जोरात बोलता येत नाही, म्हणून लिवून राहिली.

रीना कालच घरी आली. आता बरी हाय. त्या दिवशी दुकानात तिच्या छातीत दुखलं, त्यायले वाटलं ग्यास असन, सोडा पाजला. शेठजीनं फोन केला तं मी धावत गेली. ॲम्बुलन्समधी मी तिच्यासंगं होती. डाक्टर म्हणे नस बंद पडली, स्प्रिंग टाकावी लागन. एकतीस वर्साच्या पोरीले! मी म्हटलं साहेब, तिचं नाव चुकलं असन, दुसऱ्या कोणाचं असन.

बाई, मले रातची झोप येत नाही. तिले मीच तूप चारलं, लाडू चारले. पहिलं लेकरू गेलं तेबी माह्याच हातानं गेलं, त्या सदर बाजारातल्या गड्ड्यानं. तुमाले तं ठाऊकच हाय. त्या रविवारी मी विहारात जातो, मेणबत्ती लावतो, दर वर्सी. यशदीपले बी सांगत नाही. मनात येते का मीच या पोट्टीची दुश्मन हाय.

तुमी तिले लहानाची मोठी केलं. तिच्या तब्येतीचं, अगुदरचं, तुमाले काही ठाऊक असन तं मले सांगा. डाक्टर बी इचारून राहिले. मी काहीबी आयकून घेईन. फकत सांगा.

मीराबाई


गोंदिया, २५ ऑगस्ट २०२५

विहीणबाईंना वनमालाचा जय भीम.

तुमचं पत्र वाचून डोळे भरून आले. तुम्ही माझ्या पोरीसाठी धावलात, तिचा जीव वाचवलात, हे उपकार मी कधी विसरणार नाही.

आधीचं विशेष काही नव्हतं. तिच्या वडिलांना हृदयाचा त्रास होता, तेवढं डॉक्टरांना जरूर सांगा. बाकी पोरगी लहानपणापासून धडधाकट होती. आजकाल तरुण वयातही असं होतं, खाण्यापिण्याचे दिवस बदलले.

आणि त्या जुन्या गोष्टीचं मनातून काढून टाका. तुम्ही मुद्दाम केलं नाहीत. गर्दीचा रस्ता, नवी सून मागं बसलेली, चूक कोणाच्याही हातून होते. लाडूही तुम्ही मायेनंच दिलेत. मी तुम्हाला कधीही दोष दिला नाही, आणि माझ्या बाजूनं मी तुम्हाला केव्हाच माफ केलं आहे. आता झालं गेलं विसरून पोरीकडे बघा.

तुमची विहीण, वनमाला


रायपूर, ७ सप्टेंबर २०२५

आत्या,

हे पत्र घरून लिहिते आहे, आईंच्या समोर बसून. आता दुकानाच्या पत्त्याची गरज नाही.

आईंना सगळं माहीत होतं. तुला पत्र लिहिलं तेव्हाही माहीत होतं. ॲम्बुलन्समध्ये मीच सांगितलं त्यांना. मला वाटलं मी जाते आहे, आणि बाबांसारखी न बोलता जाते आहे. म्हटलं, आई, पहिल्या वेळी काही नव्हतंच, खड्ड्यानं काही झालं नाही. मी खोटं बोलले. त्यांना पहिल्यांदा कळलंच नाही, म्हणून तोंडावरचा मास्क काढून परत सांगितलं. त्यांनी माझा हात सोडला नाही. घरी आले त्याच दिवशी आई मोरीचं दार लावून रडल्या, प्रांजल बाहेरून दार वाजवत राहिली. बाहेर येऊन म्हणाल्या, "लेकरू नव्हतंच तं बरं झालं वो. मंग म्या नाही मारलं."

मग म्हणाल्या, "तुह्या आत्याले लिहितो. तिले बी बोलायचं असन, बिचारीले. मनात ठेवून थकली असन." मी म्हटलं नको. खरं म्हणजे मी घाबरले होते, कारण मी तुला ओळखते. पण त्यांनी लिहिलं, आणि रोज दुपारी दारात खुर्ची टाकून पोस्टमनची वाट बघत बसल्या. तुझ्यासाठी बसल्या, आत्या. तुला मोकळं व्हायला मिळावं म्हणून.

तुझं पत्र त्यांनी स्वतःच वाचलं. "माफ केलं" इथपर्यंत आल्या, तेव्हा घडी घालून माझ्याजवळ ठेवलं आणि नळाला पाणी आलं होतं ते भरायला गेल्या. 

मी एकट्या तुलाच दोष देत नाही. लिहिलंस तू, पण तोंड माझं होतं. लाडू मी खाल्ले. गोंदियाला ये म्हणाली नाहीस, तरी इथं रक्त द्यायला मला कोणी बांधून ठेवलं नव्हतं. यशदीपला सांगितलं तेव्हा तो एवढंच म्हणाला, "इतनी सी बात थी, रीना?" आणि बाहेर जाऊन बराच वेळ गाडी पुसत बसला. रोज त्याच्याकडे बघताना मला ते ऐकू येतं.

डॉक्टरांनी आईंना आणि मला समोर बसवून समजावलं. म्हणाले, हा नुसता पाळीचा आजार नाही. पाळी ही फक्त दिसणारी बाजू. आत रक्तातली चरबी वाढत जाते, चांगलं कोलेस्टेरॉल घटतं, साखर बिघडते, आणि मूल झालं म्हणून यातलं काही जात नाही. दरवर्षी बघावं लागतं. घरात वडिलांचं असं झालेलं असेल तर जास्तच. माझे ट्रायग्लिसराइड चारशेच्या वर गेले होते. "कभी चेक नहीं कराया?" त्यांनी विचारलं. आई म्हणाल्या, "आता करून घेऊ साहेब, दर वर्सी मी आणीन तिले." हे त्या मला वाचवायला बोलल्या, माझ्याकडे न बघता.

तुझ्यासाठी त्यांचा एक निरोप आहे. त्यांनी सांगितला तसाच लिहिते: "तिच्या भावाचं हृदय गेलं, भाचीचं जाता जाता राहिलं. तिचं बी रगत तपासून घ्या म्हणा. एकटी राहते. इथं आली तं मीच घेऊन जाईन."

बघ आता काय करायचं ते.

रीना


गोंदिया, १२ सप्टेंबर २०२५

मीराबाई,

विहीणबाई म्हणायची हिंमत होत नाही. तुम्हाला सगळं माहीत आहे, तरी माझ्या हातानं लिहून देते, कारण हे तुम्हाला माझ्याकडून कळायला हवं होतं.

तुमच्या हातून कोणाचं काही झालं नाही. तुम्ही ज्या बाळासाठी मेणबत्ती लावत आलात ते मी पत्रातून जन्माला घातलं आणि पत्रातूनच मारलं. त्या खड्ड्याचं ओझं माझं होतं, ते तुम्ही वाहिलंत, आणि मी गोंदियात बसून तुम्हाला माफ केलं. पोरीनं मला दवाखान्याचं विचारलं तेव्हाही मी रांगेतून उठून आले. तिचं घर वाचवत होते असं मला वाटत होतं. तिचा जीव जात होता.

माफी मागत नाही. मागितली तर तुम्ही द्याल, आणि ती मला घेववणार नाही.

पुढच्या शनिवारच्या गाडीनं येते आहे. रक्त द्यायचं तर सकाळी काही खाऊन येऊ नका म्हणतात, म्हणून उपाशीच निघेन. मला ऐकू येत नाही, पण तुम्हाला मला जे बोलायचं असेल ते जोरात बोला, पाऱ्यातल्या सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या जोरात बोला. मी या वेळी हो हो करणार नाही. कळलं नाही तर परत विचारेन.

वनमाला